अंगठ्याचं नख आणि घंटाळीतले सहा शनिवार

घंटाळीच्या बाजूला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी सवयी बदलण्याचा वर्ग भरतो. सहा शनिवार, दर वेळी दोन तास, फी ४,५०० रुपये, चहा-बिस्किटं त्यातच. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘इच्छाशक्ती नको, कल्पनाशक्ती वापरा’. वर्गाचं आणि मॅडमचं नाव मी देत नाहीये. मला कौतुकही करायचंय आणि चार गोष्टींवर बोटही ठेवायचंय. नाव घातलं की कौतुकाला लोक जाहिरात म्हणतात आणि टीकेला दुश्मनी.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुमचं तुम्ही ठरवाल. मी नौपाड्यातल्या एका पतपेढीत कॅशियर आहे. दिवसभर माझे हात काचेपलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर असतात. आणि त्याच हातांच्या अंगठ्यांची नखं मी शाळेत असल्यापासून खात आले. उजव्याची तर दशा अशी, की नखाच्या जागी अर्धीच चकती आणि तिच्याभोवती लाल, सोललेली कातडी. नोटा मोजताना अंगठा स्पंजच्या डबीत बुडवला की चुरचुरायचं. एका ठेवीदार आजींनी तर एकदा काचेखालून बोट आत घालून विचारलं, “बाई, चिमटलं का कुठे?” मी हो म्हटलं आणि पावती दिली.

उपाय सगळे करून झाले होते. कडुलिंबाचं तेल, मिरचीचं बोट, मेडिकलमध्ये मिळतं ते कडू नेलपेंट, चिकटपट्टी. कडू चवीची सवय होते, हे मी अनुभवाने सांगते. आई म्हणायची, “मनाचा निग्रह कर.” लग्नानंतर तेच वाक्य सासूबाईंकडून ऐकलं, आता मुलगी ते इंग्रजीत म्हणते. ठाण्यात मनाच्या वर्गाला जाते म्हटल्यावर पुण्याच्या बहिणीला हसू आवरेना. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, त्यामुळे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद आमच्या नशिबी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मी तिला म्हटलं, मी राहतेच ठाण्यात, मला कोण कुठे पाठवणार?

पहिला शनिवार कैरीचा. मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, आवाज मागच्या बाकापर्यंत पोचणारा. ओळखी झाल्यावर म्हणाल्या, “आता सगळ्यांनी इच्छाशक्ती लावा आणि तोंडाला पाणी आणा. हुकूम सोडा.” आम्ही दहा-बारा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितलं. जांभळी नाक्यावरून आणलेली कैरी, हिरवीगार, देठाशी चीक सुकलेला. विळीवर धरून मधोमध चिरायची. बाठ अजून कोवळी, तीही कापली जाते. एक फोड उचलायची, तिला मीठ आणि लाल तिखट चोळायचं, मीठ विरघळून कडेला पाणी सुटेपर्यंत थांबायचं, आणि मग दाताखाली… वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. खोलीभर एकदम आवंढे गिळल्याचा आवाज आला. एक काका तर चक्क “आई गं” म्हणाले.

हुकमाने जे झालं नाही ते चित्राने झालं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. आणि हा मुद्दा त्यांनी स्वतःच्या नावावर खपवला नाही, हे मला आवडलं. फ्रान्समधल्या एमिल कुए (१८५७–१९२६) नावाच्या औषधविक्याचा तो, असं सरळ सांगितलं. गिऱ्हाइकाला औषध देताना त्या औषधाबद्दल दोन चांगले शब्द बोललं की तेच औषध जास्त लागू पडतं, असं त्याच्या ध्यानात आलं. पुढे नान्सी शहरात तो लोकांना हेच शिकवू लागला. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की दर वेळी कल्पनाच जिंकते, असं त्याचं म्हणणं. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालत जाईल. तीच फळी उंचावर आडवी टाका, पाय लटपटणार. फळी तितकीच रुंद आहे, पण डोक्यात पडण्याचं चित्र सुरू झालेलं असतं. कुए लोकांना वीस गाठींची दोरी द्यायचा. दिवसेंदिवस मी सर्व बाबतींत सुधारतोय, अशा अर्थाचं एक वाक्य झोपताना-उठताना गाठी मोजत पुटपुटायचं. जपमाळेच्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. मला दोरीपेक्षा फळी पटली.

माकडाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. वैद्य औषध देतो आणि सांगतो, घेताना फक्त माकड आठवायचं नाही. झालं, जन्मात औषध पोटात जात नाही. मॅडमनी ती सांगितली आणि लगेच डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायला दिली. घंट्या वाजतच राहिल्या. वर नंतर ‘आता करा विचार’ म्हटल्यावर, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. मला हे ऐकून बरंच काही उलगडलं. ‘आज नखाला हात लावायचा नाही’ असं बजावून मी घरातून निघायचे, म्हणजे दिवसभर मी नखाचाच जप करत असायचे.

मी कॅशियर, पाचशेची नोट उजेडात धरल्याशिवाय घेत नाही. त्यामुळे दर शनिवारी घरी आल्यावर मॅडमनी सांगितलेलं शोधून वाचायचे. एका ठिकाणी त्या मागे राहिलेल्या सापडल्या. दुसऱ्या शनिवारच्या छापील कागदावर होतं, की इच्छाशक्तीचा साठा मर्यादित असतो आणि वापरला की संपतो. रॉय बाउमाइस्टरचा १९९८ सालचा प्रसिद्ध प्रयोग त्यासाठी दिला होता : समोर ताजी चॉकलेट बिस्किटं असताना ज्यांना मुळा खायला लावला, त्यांनी नंतरच्या अवघड कोड्याचा नाद लवकर सोडला. पण हाच परिणाम २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर पडताळून बघितला आणि २०१६ साली निकाल छापला, तर तो जवळजवळ शून्य निघाला. मी हे वर्गात बोलले. शेजारच्या बाईंनी मला कोपरखळी मारली, की गप्प बसा. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, कागद बदलते.” पुढच्या शनिवारी बदललेला कागद हातात पडला. शिकवणाऱ्या माणसाकडून मला एवढं पुरतं.

तिसऱ्या शनिवारी फी वसूल झाली.

मी तक्रार केली होती, “मॅडम, मी नख कधी खाते तेच मला कळत नाही. कळतं तेव्हा खाऊन झालेलं असतं.” त्या म्हणाल्या, “मग कालचा दिवस डोळे मिटून परत काढा. घाई नको. काऊंटरवर बसा, हात बघा.” माझी समजूत अशी होती, की टेन्शन आलं की मी नखं खाते. महिनाअखेर, गर्दी, कॅश टॅली होत नाही, अशा वेळी. डोळे मिटून बसल्यावर निघालं भलतंच. गर्दीत माझे हात रिकामेच नसतात. खरा क्षण पासबुक प्रिंटरचा होता. पासबुक आत सरकवलं, कर्र-कर्र सुरू झालं, समोरचा माणूस मोबाइलमध्ये गुंग, आणि मला तेवढा वेळ काही काम नाही. तेव्हा तर्जनी निघते. ती अंगठ्याच्या कडेवरून हळू फिरते, कुठे खरखरीत लागतंय का चाचपते. लागलं की तीच जागा परत परत घासते. मग हात वर. म्हणजे नख खाणं ही शेवटची पायरी होती. सुरुवात त्या तर्जनीच्या चाचपणीत होती आणि ती मला इतक्या वर्षांत दिसलीच नव्हती.

मॅडम म्हणाल्या, “चाचपतानाच धरा. तोंडाशी पोचल्यावर धरून काय करणार?”

मग त्यांनी माझ्यासाठी एक चित्र बसवून दिलं. सकाळी कॅश उघडायच्या आधी दोन मिनिटं ते बघायचं. प्रिंटर सुरू होतो. तर्जनी निघते. कड टोचते. हात खाली येतो आणि बोटं स्पंजच्या डबीवर टेकतात. गार, ओलसर. प्रिंटर थांबेपर्यंत तिथेच. मधल्या वेळात अंगठा हाका मारत असतो, तेही चित्रात घ्यायचं. यावर त्यांचा भारी कटाक्ष होता. ओढ आलीच नाही असं चित्र बघितलं तर ते प्रत्यक्षात पहिल्या झटक्याला फाटतं. ओढ येते, चढते, आणि हात डबीवरच आहे, असं बघायचं. कोणत्या जागी, कोणत्या आवाजाला, कोणतं बोट, इतकं बारीक.

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी त्यांनी एकत्र केल्यात, हे मला नंतर वाचताना समजलं. नखं खाणं, केस उपटणं अशा सवयींसाठी ॲझरिन आणि नन या दोघांनी १९७३ साली एक पद्धत मांडली. सवयीची पहिली हालचाल ओळखायची आणि त्याच क्षणी हाताला दुसरं, त्याच्या आड येणारं काम द्यायचं. दुसरी गोष्ट पीटर गोल्व्हिट्झर या मानसशास्त्रज्ञाची, ‘जर-तर’ची योजना. ‘मी नखं खाणार नाही’ असा नुसता संकल्प सोडायचा नाही. ‘जर प्रिंटर सुरू झाला, तर बोटं डबीवर’ असं आधीच बांधून ठेवायचं. अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब २००६ साली छापला गेला आणि नुसत्या संकल्पापेक्षा ‘जर-तर’ चांगलंच उजवं ठरलं. मॅडम त्या ‘जर-तर’ला रंग, आवाज, स्पर्श भरायला लावतात. त्यांचं कसब ते.

माझ्या बाबतीत काय झालं? काही दिवस काहीच नाही. सकाळची दोन मिनिटं मी इमानदारीत काढायचे आणि दुपारी अंगठा तोंडात. मग एका दुपारी एका रिक्षावाल्या दादांचं पासबुक छापत असताना माझी बोटं डबीवर होती. मी नेली नव्हती. मी त्यांच्याशी मीटरच्या भाड्याबद्दल बोलत होते. खाली बघितलं तर हात आपला जाऊन बसलेला. मला हसू आलं, आणि ते दादा उगीचच ओशाळले.

आज उजव्या अंगठ्याला पांढरी कड आहे. सरळ नाही, डावीकडे जरा उतरती, पण परवा एका व्हाउचरची स्टेपलर पिन मी त्या नखाने काढली. ऑडिटच्या आठवड्यात डावा अंगठा मात्र पार गेला. ऑडिटर शेजारी बसले होते, प्रिंटर बंद होता आणि माझी स्पंजची डबी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली होती. त्या जागेचं चित्र मी कधी बसवलंच नव्हतं. आता बसवलंय. टेबलाची कड धरायची.

आता चौथा शनिवार. त्याच्याबद्दल मला चांगलं बोलता येणार नाही. त्या दिवशी जुनी मासिकं, कात्र्या, गोंद आणि एकेक मोठा पुठ्ठा. ‘तुम्हाला जे व्हायचंय’ त्याची चित्रं कापून चिकटवायची. कोणी बारीक कमरेची बाई चिकटवली, कोणी घोडबंदर रोडवरच्या टॉवरसारखी बाल्कनी. मी हातांचं चित्र शोधत राहिले आणि शेवटी बांगड्यांच्या जाहिरातीतला एक पंजा कापला. लांब, लाल नखं. घरी आणून कपाटाच्या दाराला लावला. त्याच्याकडे बघून छान वाटायचं, आणि छान वाटता वाटता मी नख खायचे.

ही माझ्या एकटीची गत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं हाच विषय हाताळलाय. वजन कमी करायला आलेल्या स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ चा आहे. आपण कशा सडपातळ झालोय याची गोड गोड स्वप्नं ज्यांनी रंगवली होती, त्यांचं वजन इतरांच्या मानाने थोडंच घटलं. मन स्वप्नातच जेवून ढेकर देतं. परीक्षेच्या अभ्यासाबाबत फॅम आणि टेलर यांनी १९९९ साली असंच दाखवलं. पहिला नंबर आल्याचं चित्र बघणाऱ्या मुलांपेक्षा, अभ्यासाला बसण्याचं चित्र बघणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना मार्कही बरे पडले. तिसऱ्या शनिवारी मॅडम नेमकं हेच शिकवतात, आणि चौथ्या शनिवारी स्वतःच ते पुसून टाकतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, “लोकांना आवडतं हो ते, फोटो काढतात.” खरं बोलल्या, पण त्या शनिवारचे साडेसातशे रुपये मी मनात वजा केलेत.

दुसरी तक्रार पत्रकाची. त्यावर लिहिलंय, ‘२१ दिवसांत सवय मोडा!’ या आकड्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातं. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याशी ओळख व्हायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्याने १९६० साली लिहून ठेवलं. गंमत म्हणजे इच्छाशक्तीपेक्षा कल्पना मोठी, असं सांगणाऱ्यांपैकीच तो. त्याचं ‘तरी’ वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि २१ आकडा तेवढा उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बघितलं, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर हिशेबाने कोणाला २५४. म्हणून पत्रकावरचा आकडा बघून जाऊ नका. माझ्या शेजारी बसणारी कळव्याची कॉलेजची मुलगी बाविसाव्या दिवशी रडवेली होऊन आली होती, की आपल्यातच काहीतरी कमी आहे. पोरीला असं वाटायला लावणं बरोबर नाही.

ऑडिओचंही सांगते. घरी ऐकायला म्हणून व्हॉट्सॲपवर वीस मिनिटांच्या फाइल येतात. मागे बासरी, समुद्राच्या लाटा, आणि ‘तुमची सर्वोत्तम आवृत्ती तुमच्याकडे चालत येत आहे’. मला दर वेळी झोप लागली. झोपेसाठी मात्र उत्तम आहेत. आमच्या ह्यांना पाठवल्या, ते आता त्याशिवाय आडवे होत नाहीत.

घरच्या डब्याची गोष्ट यातच येते. रात्री साडेदहाला सगळं आवरून झालं की मी फराळाचा डबा काढते. पाचव्या शनिवारी खाण्याच्या ओढीचा विषय होता. मी विचारलं, “कैरीच्या चित्राने पाणी सुटतं, मग शंकरपाळ्यांचं चित्र बघून खाणं कमी कसं होणार? वाढायलाच हवं.” मॅडमकडे उत्तर तयार होतं, आणि ते मला आवडलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केरी मोरवेज आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लोकांना चॉकलेटच्या गोळ्या खाल्ल्याची कल्पना करायला लावली. काहींना तीन, काहींना तीस, एकेक करून. नंतर खऱ्या गोळ्यांचं भांडं पुढे ठेवलं तर तीसवाल्यांनी कमी खाल्ल्या. नुसता वास आणि पहिला घास डोळ्यांपुढे आणला तर भूक चाळवते. तीस वेळा चावून गिळलं, तर मनानेसुद्धा कंटाळा येतो.

आम्ही वर्गात बसून प्रत्येकाने आपापला पदार्थ मनात तीस वेळा खाल्ला. माझ्या पुढच्या काकांनी वडापाव घेतला होता, त्यांना बाराव्यालाच मळमळलं. मी शंकरपाळे घेतले, कारण चिवडा मोजणार कसा? विसाव्याच्या आसपास साखर घशाशी आली. घरी हे अर्धवट चाललं. तीस शंकरपाळे मनात खायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डबा उघडून दोन खाऊन होतात.

मला जास्त उपयोगी पडली ती त्या दिवसाची दुसरी युक्ती. ओढ ही बहुतेक वेळा डोळ्यांपुढची चित्रंच असतात. डबा, झाकण, वरचा थर. डोळ्यांना दुसरं चित्र दिलं की पहिल्याला जागा उरत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात जॅकी आंद्राद, जॉन मे वगैरे मंडळी याच्यावर काम करतात. तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा खेळ, खेळल्याने ओढ उतरते, असं त्यांनी दाखवलंय. टेट्रिससाठी मी मोबाइल हातात घेतला तर तिथून रील्सवर कधी गेले कळलं नाही. मग मी ठिपक्यांची रांगोळी धरली. पलंगावर पडून मनात १५ ते ८ चे ठिपके मांडायचे आणि मधली कमळं जुळवायची. एक रेघ चुकली की सगळं परत. डबा डोक्यातून जातो. बहुतेकदा. आणि हेही सांगून टाकते, की डबा मी माळ्यावर ठेवलाय आणि शिडी गॅलरीत. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “उत्तम. कल्पनेला एकटीलाच का राबवायचं?”

याच प्लिमथच्या मंडळींचा एक अभ्यास २०१८ साली आला. वर्गाच्या पत्रकावर तो ठळक असायला हवा होता, तर तो आहे शेवटच्या पानावर तळाशी. वजन कमी करू पाहणारे १४१ जण. एका गटाशी समुपदेशकांनी प्रेरणा जागवणारा संवाद केला. दुसऱ्या गटाला, आपण ठरवलेली कृती करताना काय दिसेल, काय ऐकू येईल, कसं वाटेल, हे सविस्तर कल्पायला शिकवलं. आहाराचा तक्ता कोणालाच दिला नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं सरासरी ०.७४ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं ४.११. मग मदत बंद केली. वर्षअखेरीस पहिला गट ०.६७ वर आणि दुसरा ६.४४ किलोवर. वजन म्हणजे नख नव्हे, आणि एका अभ्यासावर मी घर बांधणार नाही. पण मदत थांबल्यावरही आकडा वाढत गेला, हे मला बोलकं वाटलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. वडापाववाले काका वागळे इस्टेटमध्ये लेथवर असायचे. त्यांचा खरा प्रश्न तंबाखू-चुन्याचा. मॅडमनी त्यांना पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, की तंबाखूत शरीरही अडकलेलं असतं, नुसत्या चित्रावर राहू नका. सरकारची १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्याची फुकट हेल्पलाइन लिहून दिली आणि डॉक्टरकडे जायला लावलं. एका बाईंचं दिवसभर हात धुणं होतं. त्यांची फी परत करून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण तो आजार आहे, सवय नव्हे. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

हिरानंदानी इस्टेटमधल्या एका आयटीवाल्या मुलाला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही असं निघालं. कैरी नाही, आईचा चेहराही नाही. तो म्हणाला, “मला वाटायचं, ‘डोळ्यांपुढे उभं राहिलं’ असं लोक उगाच बोलायची पद्धत म्हणून बोलतात.” काही माणसं खरंच अशी असतात. ॲडम झीमन या ब्रिटिश डॉक्टरांनी २०१५ साली याला ‘अफँटेशिया’ असं नाव दिलं. मॅडमनी त्याला आवाज आणि स्पर्शावर आणलं. लायटरची कळ, बोटातली सिगरेट, आणि त्याजागी खिशातली किल्ल्यांची जुडी. त्याला कितपत जमलं ते तो सांगत नाही, पण तो एकही शनिवार चुकला नाही.

सोयींबद्दल. लिफ्ट नाही, जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर विचार करा. स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटांत पोचता, पण गाडी घेऊन गेलात तर राममारुती रोडच्या गल्ल्यांत जागा शोधण्यातच पहिला अर्धा तास संपेल, आणि तीन हात नाक्याचा सिग्नल धरून चला. वर्ग त्यामुळे वेळेवर कधीच सुरू होत नाही. खुर्च्या प्लास्टिकच्या. चहा छान, आल्याचा. शेवटच्या शनिवारी ‘पुढची पातळी’ म्हणून १८,००० रुपयांचा लोणावळ्याचा दोन दिवसांचा कार्यक्रम गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. मॅडम स्वतः फार बोलत नाहीत, त्यांच्याकडे हिशेबाला असलेला मुलगा मागे लागतो. मी त्याला म्हटलं, “बाळा, मी पतपेढीत आवर्त ठेवी विकते, मला नको शिकवूस.” तो हसून बाजूला झाला.

सवय लहान आहे, रोजची आहे, ठरावीक जागी होते, आणि ‘ठरव म्हणजे जमेल’ ऐकून तुम्ही विटलेले असाल, तर ४,५०० रुपये वाया जाणार नाहीत. फक्त तिसऱ्या आणि पाचव्या शनिवारी आजारी पडू नका. पुढची तुकडी गणपतीनंतर सुरू होतेय. धाकट्या नणंदेला मी नाव घालायला सांगितलंय, तिची घड्याळाचा पट्टा चावायची सवय जुनी आहे. कात्री-गोंदवाल्या शनिवारी मात्र माझ्याकडे जेवायला ये म्हटलंय.